गोदाम एक, दुकाने तीन आणि चावी तिसऱ्याच्या हाती

आमच्या कुडाळच्या दुकानात बसणाऱ्या मुलाने इचलकरंजीहून आलेल्या सुती मालाचे बिल संगणकात चढवले आणि मालवणला फोन करून तसे कळवले. मालवणच्या कारकुनाने पाहिले तर बिल नाही. पुन्हा पाहिले तर आहे. खात्री करावी म्हणून तिसऱ्यांदा उघडले तर 'फाईल सापडत नाही' असे उत्तर. दोघांची फोनवरच जुंपली. एक म्हणतो मी चढवले, दुसरा म्हणतो तू खोटे बोलतोस. कणकवलीच्या दुकानाने मध्ये पडून सांगितले की आम्हाला तर दिसते आहे! तिघेही खरे बोलत होते. तरीही बिल होते आणि नव्हते.

हा प्रकार महिनाभर चालला. सॉफ्टवेअरवाला दर वेळी 'नेट स्लो आहे' एवढे बोलून मोकळा होई. आमच्याकडे जोराचा वारा सुटला की तारा तुटतात आणि महामार्गाचे खोदकाम निघाले की केबल तुटते, त्यामुळे नेटवर दोष टाकला की कोणी उलट विचारत नाही. अखेर पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेला भाचा सुट्टीला आला तेव्हा उलगडा झाला. तो म्हणाला, "मामू, तुमचे सॉफ्टवेअर एका यंत्रावर नाही, दोन यंत्रांवर चालते. आणि दोघांची कपाटे वेगळी आहेत."

दोन यंत्रे ठेवण्यामागचा हेतू चांगला होता. एक बंद पडले तरी ऐन गणपतीत, चाकरमानी उतरलेले असताना, दुकानाची बिले थांबू नयेत. पुढे एक दरवान बसवलेला असतो, तो येणाऱ्या प्रत्येक मागणीला कधी या यंत्राकडे तर कधी त्या यंत्राकडे पाठवतो. रकमा, खाती, मालाची शिल्लक हे सारे एका वेगळ्या डेटाबेसमध्ये एकत्र राहते, म्हणून जमाखर्च चुकत नव्हता. परंतु स्कॅन केलेली बिले, ट्रान्सपोर्टची बिल्टी, चलने, दरपत्रके हे कागद ज्या यंत्रावर चढले त्याच्याच डिस्कवर पडून राहत. दरवानाने दुसऱ्या यंत्राकडे पाठवले की कागद गायब.

यावरचा उपाय म्हणजे सामाईक साठा. दोन्ही यंत्रांबाहेर, पण त्यांच्या शेजारीच, नेटवर्कवर एक गोदाम ठेवायचे आणि दोन्ही यंत्रांना त्याचा दरवाजा उघडून द्यायचा. यंत्राला वाटते की हे आपलेच कपाट आहे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन समजेल. दोन टोकांना माणसे वेगळी, पण जाळे एक. ही विद्या काही नवी नाही. सन मायक्रोसिस्टम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ साली एनएफएस नावाची पद्धत आणली, ती सुधारत सुधारत आजही चालू आहे. विंडोजच्या जगात तेच काम एसएमबी करते. फरक इतकाच की पूर्वी हे गोदाम कचेरीच्या मागच्या खोलीत असे, आता भाड्याने मिळते. अमेझॉनने २०१६ साली ईएफएस या नावाने ते खुले केले, मायक्रोसॉफ्टचे अझूर फाइल्स आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, अमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गुगलने २०१७ साली मुंबईत आपापली केंद्रे सुरू केली. तेव्हा 'क्लाउड' म्हटल्यावर आकाशाकडे पाहण्याचे कारण नाही. आपले कागद घाटावर नाहीतर मुंबईतच कोठेतरी असतात.

आता माझे मत. ज्याचे सॉफ्टवेअर एकाच यंत्रावर चालते, त्याने या फंदात पडू नये. एका दुकानासाठी तीन दारांचे गोदाम बांधण्यासारखे ते आहे. त्याने साधी डिस्क घ्यावी, तिची रोज प्रत काढावी आणि निर्धास्त व्हावे. ज्याचे सॉफ्टवेअर नव्या घडणीचे आहे त्याने 'ऑब्जेक्ट स्टोरेज' या प्रकाराची चौकशी करावी. तेथे फाईल एका नावाने ठेवायची आणि त्याच नावाने मागायची. सामाईक फोल्डरपेक्षा ते कित्येक पटींनी स्वस्त पडते. परंतु जुनी सॉफ्टवेअरे फोल्डरशिवाय दुसरी भाषा समजत नाहीत, आणि आपल्या व्यापारात जुनीच जास्त. त्यांच्यासाठी, यंत्रे दोन झाली त्याच दिवशी, सामाईक साठा घेणे भाग आहे.

आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने तो लगेच घेतला नाही. त्याने आधी जुगाड केला : दर दहा मिनिटांनी एका यंत्रावरच्या फाईली दुसऱ्यावर उतरवायच्या. कागद दिसू लागले, आम्ही खूश झालो. मग एके दिवशी कुडाळने दरपत्रकात ड्रेस मटेरियलचे भाव बदलले, त्याच दहा मिनिटांत मालवणने चादरींचे बदलले, आणि जी प्रत मागून आली तिने आधीची पुसून टाकली. दोन दिवस आम्ही जुन्या भावाने माल विकला. नुकसान फार मोठे नव्हते, पण गिऱ्हाइकाने दुसऱ्या दुकानातील वेगळा भाव तोंडावर फेकला त्याची लाज अधिक वाटली. सामाईक साठ्यात एकाने फाईल धरली असता दुसऱ्याला थांबवणारे कुलूप असते. मात्र ते कुलूप सॉफ्टवेअरने मागावे लागते, आपोआप लागत नाही. हेही आम्हाला नंतर कळले.

अखेर सामाईक साठा आला. येथे नवख्या माणसाला दोन-तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण विकणारा त्या सांगत नाही. पहिली म्हणजे वेग. यंत्राच्या पोटातली डिस्क आणि नेटवर्कवरचे गोदाम यांत फरक राहणारच. मोठी एक फाईल झरझर येते, पण हजारो बारीक फाईली उघडायच्या झाल्या तर प्रत्येकीसाठी एक खेप. ठाण एकदम उचलणे वेगळे आणि बटणे एकेक मोजून आणणे वेगळे. शिवाय काही ठिकाणी वेग तुम्ही किती माल ठेवला आहे त्यावर ठरतो. ईएफएसच्या 'बर्स्टिंग' नावाच्या योजनेत दर गिगाबाइटमागे सेकंदाला सुमारे ५० किलोबाइट इतका कायमचा वेग मिळतो, म्हणजे १०० गिगाबाइट ठेवले तर सेकंदाला ५ मेगाबाइट. वरचा वेग उधारीवर मिळतो आणि उधारी संपली की गाडी बैलगाडी होते. ती महिनाअखेरीलाच संपते, कारण सर्व कागद तेव्हाच एकदम मागितले जातात. वापराप्रमाणे पैसे घेऊन वेग देणारी योजनाही आहे. कोणती घेतली हे बिलावर पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट, हे गोदाम मालवणच्या दुकानातून थेट उघडण्याचा हट्ट धरू नये. गोदाम आणि सॉफ्टवेअर एकाच केंद्रात शेजारी-शेजारी असावे आणि दुकानात फक्त पडदा यावा. मुंबई ते मालवण एवढ्या लांब दोरीवर प्रत्येक फाईलची खेप मारली तर कारकून चहा पिऊन परत येईल. शिवाय गोदामाचा दरवाजा सगळ्या दुनियेला उघडा टाकण्याचा धोका वेगळाच. ज्या दोन यंत्रांना गरज आहे त्यांनाच तो दिसावा, बाकीच्यांना तेथे भिंत दिसावी. आणि एनएफएसमध्ये माणसाची ओळख नावाने नव्हे तर बहुधा आकड्याने होते. एका यंत्रावर १००१ क्रमांकाचा माणूस हिशेबनीस असला आणि दुसऱ्यावर त्याच क्रमांकाचा भलताच असला, तर भलत्याच्या हाती हिशेब. दोन्ही यंत्रांवर आकडे एकसारखे ठेवावेत.

पण आमचे खरे नुकसान यांपैकी कशानेही झाले नाही. एका रात्री सॉफ्टवेअरवाल्याने एक यंत्र बंद करून चालू केले. चालू होताना त्या यंत्राने गोदामाचा दरवाजा जोडलाच नाही. आता गंमत अशी की दरवाजा जोडलेला नसला तरी त्या नावाचे एक रिकामे फोल्डर यंत्रावर असतेच. सॉफ्टवेअरने बिनतक्रार त्यात कागद ठेवायला सुरुवात केली. कोठे लाल दिवा नाही, कोठे ओरड नाही. अकरा दिवस त्या यंत्राकडे गेलेली बिले आणि चलने गोदामाऐवजी त्या फसव्या फोल्डरात पडत होती. आम्हाला मधूनमधून कागद दिसत नव्हते, पण दुखणे एकदा बरे झाले म्हणून आम्ही गाफील. बाराव्या दिवशी ते यंत्र जुने झाले म्हणून मोडीत काढून नवे लावले गेले. जुन्याबरोबर त्याची डिस्क गेली, डिस्कबरोबर कागद गेले.

नंतर करखात्याची चौकशी आली ती नेमकी त्याच काळातल्या खरेदीबद्दल. मूळ कागद काही ओले, काही हरवलेले. ज्या व्यापाऱ्यांकडून माल घेतला त्यांच्या दारी फोनवर फोन करून दुय्यम प्रती मागाव्या लागल्या. सुरतच्या एका पेढीने दिल्या, एकाने नंतर पाहू म्हटले. पंचवीस-तीस वर्षांचा व्यवहार असून मी उमेदवारासारखा विनवण्या करत होतो.

बांधवांनी येथे कायदा ध्यानात घ्यावा. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. त्याच्या नियम ५७ मध्ये असे आहे की संगणकातील नोंदींची योग्य प्रत ठेवावी, जेणेकरून अपघाताने वा नैसर्गिक कारणाने नाश झाल्यास वाजवी मुदतीत त्या परत उभ्या करता याव्यात. ज्यांची पेढी कंपनी म्हणून नोंदलेली आहे त्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाची प्रत भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवण्याचे बंधन आहे. 'सॉफ्टवेअरवाल्याने यंत्र बदलले' हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालत नाही. मी देऊन पाहिले आहे.

फसव्या फोल्डराचा इलाज अगदी किरकोळ निघाला. त्या रिकाम्या फोल्डरात कोणालाही लिहिता येणार नाही असे करून ठेवायचे आणि गोदामात एक खुणेची फाईल ठेवायची. सॉफ्टवेअरने उठल्यावर आधी ती खूण पाहावी, नसेल तर चालूच होऊ नये. दुकान तासभर बंद राहिले तर तासाचे नुकसान, अकरा दिवस चुकीच्या जागी चालले तर काय होते ते वर सांगितलेच. भाच्याने हे काम अर्ध्या दिवसात केले. ज्याला आम्ही दर वर्षी पैसे देत होतो त्याला हे सुचले नव्हते, की सुचूनही केले नव्हते, मला माहीत नाही.

दुसरा मोठा गैरसमज असा की क्लाउडवाले स्वतःच दोन-तीन ठिकाणी प्रत ठेवतात, मग आणखी प्रत कशाला? त्या प्रती डिस्क बिघडली तर उपयोगी पडतात. कारकुनाने चुकून फोल्डर पुसले तर ते सर्व ठिकाणी तितक्याच इमानदारीने पुसले जाते. आपल्या किनाऱ्याला मे २०२१ मधले तौक्ते वादळ आठवत असेल, त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणची बाजारपेठ बुडाली आणि चोपड्या-वह्यांचा लगदा झाला. तेव्हा पुष्कळांनी म्हटले की कागद क्लाउडवर असते तर वाचले असते. वाचले असते, खरे आहे. परंतु दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी संगणक केंद्राला बॅटऱ्यांमुळे आग लागली आणि सरकारी नोकरांचा सामाईक साठा, जी-ड्राइव्ह, जळून गेला. ८५८ टेराबाइट. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. याउलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गुगल क्लाउडवरचा एक मोठा भाग गुगलकडच्या एका चुकीच्या नोंदीमुळे पुसला गेला, पण त्यांनी दुसऱ्या कंपनीकडेही प्रत ठेवली होती. काम काही दिवस बंद पडले, तरी ते पुन्हा उभे राहिले.

यातून मी ज्या मुद्द्यावर आलो तो तंत्राचा नाही, चावीचा आहे. आमच्या गोदामाचे भाडे आम्ही भरत होतो, पण क्लाउडमधील खाते सॉफ्टवेअरवाल्याच्या नावावर होते. नफ्यातोट्याचा मालक मी, कुलपाचा मालक तो. भिवंडीत गाळा घेताना आपण करारनामा दहा वेळा वाचतो, साक्षीदार आणतो, आणि येथे कागदांचे गोदाम मात्र एका फोनवर दुसऱ्याच्या हवाली करतो. सॉफ्टवेअरवाल्याशी उद्या बिनसले, त्याने धंदा बंद केला किंवा बिल थकवले, तर आपले सहा वर्षांचे कागद कोणाकडे मागणार? खाते पेढीच्या नावावर असावे, बिल पेढीच्या पत्त्यावर यावे, सॉफ्टवेअरवाल्याला कामापुरती परवानगी द्यावी आणि ती काढून घेण्याचा अधिकार आपल्या घरात ठेवावा. आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने यावर तोंड वाकडे केले. विश्वास नाही का, असे विचारले. मी म्हटले, विश्वास सख्ख्या भावावरही आहे, तरी गल्ल्याची चावी संध्याकाळी मोजून घेतो. तीन महिने लागले, पण खाते नावावर झाले.

आता रोज रात्री गोदामाची प्रत दुसऱ्या कंपनीच्या साठ्यात जाते, आणि ती प्रत आमच्या सॉफ्टवेअरवाल्याला पुसता येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मालवणचा कारकून डोळे मिटून एक जुनी तारीख काढतो आणि त्या दिवसाचे एक बिल प्रतीतून परत आणून दाखवतो. पहिल्या खेपेस चार तास गेले, कारण परवलीचा शब्द कोणाला आठवेना. मागच्या सोमवारी चाळीस मिनिटांत आले. बिल उलटे स्कॅन केलेले होते, आणि ते कुडाळने चढवले होते की कणकवलीने यावरून फोनवर पुन्हा जुंपली आहे.