ड्रमरचं नाव काय?

फेस्टचा सीझन आला की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कॉलेजच्या गेटवर बँडची पोस्टर्स लागतात. मधोमध गायक, बाजूला गिटारवाले, आणि पार मागे सिंबलच्या आड अर्धा झाकलेला एक चेहरा. तुमच्या कॉलेजच्या बँडमधल्या गायकाचं नाव तुम्हाला माहीत असणारच. गिटारिस्टचं इन्स्टा हँडलसुद्धा पाठ असेल. आता ड्रमरचं नाव सांगा बरं. ‘तो रे, लांब केसवाला’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

त्या मागे बसणाऱ्या माणसाबद्दल आज बोलायचंय, आणि त्यासाठी एका ड्रमरची गोष्ट सांगायला हवी. जून 2025 मध्ये अमेरिकेतल्या ‘बीच बॉइज’ या बँडचा ब्रायन विल्सन गेला. जगभरच्या पेपरांत त्याच्यावर पानंच्या पानं आली आणि ती योग्यच होती. पॉप संगीतात स्टुडिओचा इतका विचार करणारी माणसं फार थोडी झाली. पण त्याच बँडमध्ये त्याचा धाकटा भाऊ ड्रम्स वाजवायचा. डेनिस विल्सन. तो 28 डिसेंबर 1983 रोजी बुडून मेला, तेव्हा 39 वर्षांचा होता.

बीच बॉइजची सुरुवातीची गाणी समुद्र, लाटा आणि सर्फिंग यांवर आहेत. गंमत म्हणजे अख्ख्या बँडमध्ये खरोखर सर्फिंग करणारा एकटा डेनिस होता. ‘सध्या पोरांमध्ये याची क्रेझ आहे, यावर गाणं कर’ हे ब्रायनला त्यानेच सुचवलं आणि त्यातून 1961 चं पहिलं गाणं आलं. म्हणजे ज्या कल्पनेवर बँड मोठा झाला, ती ड्रमरची. तरी बँडमध्ये त्याला घेतलं ते आईने हट्ट धरला म्हणून. वडील मरी विल्सन बँडचे मॅनेजर होते. ते मुलांना मारायचे आणि जास्तीत जास्त मार डेनिसच्या वाट्याला यायचा.

पुढे रेकॉर्डिंग अवघड होत गेलं तसे ब्रायनने लॉस एंजेलिसमधले व्यावसायिक वादक बोलवायला सुरुवात केली. ड्रम्सवर हॅल ब्लेन बसायचा. तो जबरदस्त वादक होता, त्याबद्दल वादच नाही. पण त्यातून डेनिसवर शिक्का बसला, की हा दिसायला देखणा म्हणून स्टेजवर ठेवलाय, खरं काम दुसरेच करतात. पुढे काही दशकांनी अभ्यासकांनी जुन्या टेप आणि नोंदी तपासल्या, तेव्हा लक्षात आलं, की समजलं जात होतं त्यापेक्षा बऱ्याच जास्त गाण्यांवर डेनिसच वाजवत होता. पण तोपर्यंत त्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

त्याच्यात आणखी एक गोष्ट होती. तो पियानोवर स्वतःची गाणी करायचा. ‘सनफ्लॉवर’ या 1970 च्या अल्बममधल्या चार गाण्यांत गीतकार-संगीतकार म्हणून त्याचं नाव आहे. त्यातलं ‘फॉरएव्हर’ ऐका. ढोलताशा बडवणारा म्हणून ज्याला सगळ्यांनी बाजूला ठेवलं, त्याचं हे इतकं हळवं गाणं ऐकताना जरा दचकायला होतं. 1977 मध्ये त्याने ‘पॅसिफिक ओशन ब्लू’ हा अल्बम काढला. बीच बॉइजपैकी कुणाचाही तो पहिला सोलो अल्बम होता. दुसऱ्या अल्बमचं काम सुरू झालं, पण तो त्याच्या हयातीत पूर्ण झालाच नाही. 2008 मध्ये दोन्ही एकत्र बाजारात आले, तेव्हा समीक्षकांनी डोक्यावर घेतले.

आता त्याच्या आयुष्याची दुसरी बाजू. ती लपवली तर गोष्ट खोटी होईल. 1968 मध्ये चार्ल्स मॅन्सन आणि त्याच्या टोळीला डेनिसने काही महिने आपल्या घरात राहू दिलं. त्या मॅन्सनचं एक गाणं बदलून बीच बॉइजने रेकॉर्ड केलं आणि त्यावर नाव फक्त डेनिसचं लागलं. म्हणजे श्रेयाच्या बाबतीत तोही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. ऑगस्ट 1969 मध्ये मॅन्सनच्या माणसांनी अभिनेत्री शॅरन टेटसह अनेकांचे खून केले. त्यानंतर या विषयावर बोलायला डेनिस तयारच नसायचा. 1971 मध्ये काचेने हात कापला आणि काही वर्षं त्याला ड्रम्स वाजवता आले नाहीत. दारू आणि ड्रग्ज वाढत गेली. लग्नं झाली, मोडली. शेवटी बँडने सांगितलं, व्यसनमुक्तीसाठी भरती हो, मगच टूरवर ये. तो भरती झाला आणि थोड्याच दिवसांत बाहेर पडला. मग मरीना डेल रे इथे एका मित्राच्या बोटीवरून दिवसभर पीत, मधून मधून पाण्यात डुबक्या मारत राहिला. त्यातल्या एका डुबकीनंतर तो वर आला नाही.

नाव मिळालं असतं तर डेनिस वाचला असता, असं मी म्हणत नाही. व्यसन हा आजार आहे आणि टाळ्यांनी तो बरा होत नाही. बँडवाल्यांचीही बाजू आहे. पिऊन स्टेजवर येणाऱ्या माणसाबरोबर काम करून बघा म्हणजे कळेल. प्रश्न वेगळा आहे. ज्याच्याकडे आपण मुळात नीट बघतच नाही, त्याचं कौशल्य जसं दिसत नाही तसं त्याचं बिघडत चाललेलं असणंही दिसत नाही. दिसलं तरी आपण त्याला विनोदात ढकलतो. ‘ड्रमर ना? येडाच असणार.’ ‘द हू’चा कीथ मून 1978 मध्ये गेला, ‘लेड झेपेलिन’चा जॉन बॉनहॅम 1980 मध्ये. मून दारू सोडण्यासाठी दिलेल्या गोळ्यांच्या अतिसेवनाने, बॉनहॅम दारूच्या अतिसेवनाने. दोघांचं वय 32. त्यांच्या धिंगाण्याचे किस्से आजही रीलमध्ये हसत हसत सांगितले जातात. बत्तिसाव्या वर्षी मेलेल्या माणसाच्या आजारपणावर आपण हसतोय, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

हे फक्त तिकडचं आहे असं वाटत असेल तर घरात आजी-आजोबांना विचारा, दत्ताराम वाडकर कोण? शंकर-जयकिशनच्या ऑर्केस्ट्रातली तालाची बाजू सांभाळणारे, मूळचे गोव्याचे, ढोलकीवर हुकमी हात असणारे दत्ताराम. त्यांच्या वाजवण्याची ढब इतकी वेगळी होती की वादकांमध्ये तिला ‘दत्तू ठेका’ म्हटलं जायचं. राज कपूरच्या सिनेमातली जी गाणी लागल्यावर आजही पाय आपोआप हलतो, त्यातल्या कित्येकांत तो ठेका आहे. 1957 च्या ‘अब दिल्ली दूर नहीं’ला त्यांनी स्वतः संगीत दिलं. ‘चुन चुन करती आयी चिडिया’ हे त्यातलंच. बालवाडीत ज्यावर तुम्ही हात हलवून नाचलात, ते गाणं दत्तारामांचं. 2007 मध्ये ते गोव्यात वारले. रॉक बँडशी त्यांचा काही संबंध नाही आणि डेनिससारखी वादळंही मी त्यांच्या नावावर टाकत नाही. पण रेडिओवर गाणं लागलं की गायक, गीतकार, संगीतकार अशी तीन नावं येतात. ठेका ज्याचा, त्याच्यासाठी चौथी जागाच नाही. ही सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली आहे.

आता आपल्या उपनगरांत या. गायकाला बाथरूममध्ये रियाज करता येतो. गिटारवाला हेडफोन लावून रात्री दोन वाजता बसू शकतो. ड्रमकिटला आवाज कमी करायचं बटण नसतं. घाटकोपरच्या वन रूम किचनमध्ये किट ठेवायचं कुठे? ठेवलं तरी खालच्या मजल्यावरचे काका दहाव्या मिनिटाला दारात उभे, आणि त्यांचंही चूक नाही. त्यांना सकाळची 6.40 ची लोकल पकडायची असते. मग ड्रमर उशीवर, रबरी पॅडवर, मांडीवर वाजवत राहतो. खरं किट त्याला मिळतं ते अंधेरीतल्या एखाद्या जॅमरूममध्ये, तासाच्या भाड्याने, तेही सगळ्यांचे पैसे जमले तर. आणि तिथे तो एखाद्या ठिकाणी चुकला की बाकीचे म्हणतात, ‘जाऊ दे, लॅपटॉपवरून लूप लावू.’ डेनिसच्या जागी दुसरा बसवला होता, आपल्याकडे सॉफ्टवेअर बसवतात. सराव करायला जागा द्यायची नाही आणि वर कच्चा आहे म्हणायचं, हा कुठला न्याय?

मोठ्या शोचं दुखणंही वेगळं नाही. धोबी तलावचं रंगभवन म्हणजे एके काळी मुंबईच्या रॉकवाल्यांची पंढरी. शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथले शो बंद झाले आणि पुढे काही वर्षं ‘आय-रॉक’ अंधेरीच्या चित्रकूट मैदानात भरायचं. आवाजाचे नियम हवेतच, दवाखान्याशेजारी रॉक शो नको. पण एक दार बंद केलं तर दुसरं उघडायचं कुणी?

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवते. तुमच्या कॉलेजात ड्रमकिट असेल तर ते वर्षभर कुठे असतं ते बघून या. फेस्टचे चार दिवस सोडून कपाटात कुलूपबंद असेल, तर लेक्चर संपल्यावर आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली उघडून द्या असा अर्ज कल्चरल कमिटीने प्राचार्यांकडे करायला हवा. पाच सह्या नकोत, पाचशे हव्यात. त्यात ड्रमर नसलेल्यांच्या जास्त असू द्या.

पोस्टरवर चारही नावं एकाच आकारात छापा. गाणं कुणी सुचवलं, चाल कुणाची, ठेका कुणाचा, हे ऑनलाइन टाकताना लिहा. फुकट आहे. शो संपल्यावर गायक सेल्फी देत असतो तेव्हा ड्रमर एकटा स्टँड उघडत, सिंबल पिशवीत भरत असतो. एक हात तुमचा लागू द्या. आणि कधीतरी त्याला विचारा, ‘तू काही केलंयस का? ऐकव ना.’ त्याच्या फोनमध्येही चार अर्धवट गाणी असू शकतात.

शेवटचं जरा गंभीर. तुमच्या बँडमधलं कुणी सारखं पिऊन येत असेल, अचानक गप्प झालं असेल, जॅमिंग टाळत असेल, तर ‘तसाच आहे तो’ म्हणून सोडून देऊ नका. स्टेजवर नशेत यायचं नाही ही अट घालायला हरकत नाही, घालाच. पण ती अट घातल्यानंतर त्याच्या घरी जाणं, फोन करणं, त्याच्यासोबत टपरीवर चहाला बसणं बंद करू नका. टूरवरून काढलं आणि ओळखीतूनही काढलं, असं होता कामा नये. बोलायला कुणी मोठं हवं असेल तर सरकारची ‘टेली मानस’ ही हेल्पलाइन आहे, नंबर 14416. दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. हा नंबर बँडच्या ग्रुपवर आजच टाकून ठेवा.