बांध दोघांचा, बाग एकाची

जालना जिल्ह्यात मोसंबीची बाग ही एका हंगामाची मिळकत नव्हे; ती अनेक वर्षांची ठेव होय. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील पुष्कळ बागा वाळून गेल्या. त्यानंतर ज्यांनी पुन्हा रोपे लावली, त्यांना या ठेवीचे मोल सांगावयास नको. अशा बागेला लागून असलेला शेजाऱ्याचा बांध वेलींनी व गाजरगवताने माजलेला दिसला, म्हणजे बागाईतदारास चीड येणे स्वाभाविक आहे. परंतु रागाच्या भरात बांधावर काटेरी कुंपण उभारणे हा त्यावरील उपाय नव्हे.

कारण खरा शत्रू कुंपण मानीत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आंबे बहाराची फळे पक्व होऊ लागली, की रस शोषणारे पतंग रात्री बागेत उतरतात. ते सोंडेने सालीस छिद्र पाडतात. तेथे फळ कुजते व गळून पडते. या पतंगाची अळी मात्र फळ खात नाही. ती गुळवेल, वासनवेल यांसारख्या वेलींच्या पानांवर वाढते. पतंगाचे माहेर बांधावर आणि सुगी बागेत, असा हा प्रकार आहे. कापूस वा सोयाबीन घेणाऱ्या शेजाऱ्यास या वेलींची झळ लागत नाही; म्हणून त्याचे तिकडे लक्ष जात नाही. तो आळशीच असतो असे नव्हे.

ज्याचा बांध त्यानेच तो साफ करावा, हे म्हणणे न्यायाचे आहे. परंतु न्यायाची वाट पाहत बसल्यास फळे गळून जातात. नुकसान ज्याचे, पुढाकारही त्याचाच असावा. बागाईतदाराने प्रथम आपल्या बागेतील गळालेली फळे रोज वेचून पुरावीत. नंतर शेजाऱ्याच्या संमतीने पावसाळ्यातच दोन्ही अंगांच्या वेली मुळासकट काढाव्यात व कापलेले चांगले गवत त्याच्या बैलांसाठी द्यावे. बांध पेटवून देऊ नये. माती धरून ठेवणारे गवत त्याने जळते आणि मनेही जळतात.

लागवड करावयाची ती हद्दीच्या खुणा निश्चित झाल्यावरच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये सीमाचिन्हे सुस्थितीत राखणे ही धारकाची जबाबदारी आहे. शंका असल्यास भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. करवंदाची किंवा मेंदीची ओळ हद्दीपासून चार-पाच फूट आत धरावी, म्हणजे छाटणीसाठी शेजाऱ्याच्या पिकात पाय ठेवावा लागत नाही. वाऱ्याच्या अडसरासाठी शेवरीसारखी उंच झाडे लावताना त्यांची सावली कोणाच्या पिकावर पडेल, याचाही विचार करावा.

पतंग दुरूनही उडत येतात. एकट्या बांधाच्या सफाईने काम भागत नाही. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिवारातील बागाईतदार व त्यांचे शेजारी यांना एकत्र बसवावे आणि सफाईचा एक दिवस ठरवून द्यावा. आवश्यक तेथे खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. कुंपणाने हद्द राखता येते; बाग राखावयाची तर शेजारीच जोडावा लागतो.