पहाटेचा पोटशूळ

पावसाळ्यांत जमिनीवर निजलेलें मूल पहाटे पोट दुखतें म्हणून उठलें, तर आपण अजीर्ण समजून ओंवा देतों. आम्हीं नातवास तेंच केलें. थोड्याच वेळांत त्याच्या पापण्या मिटूं लागल्या, वाचा अडखळली. मण्यार सर्पाचा दंश निद्रेंत बहुधा कळत नाहीं. सूज नसते, खूणही क्वचितच दिसते. अशी शंका येतांच मांत्रिक शोधूं नये, चिरा देऊं नये, रोग्यास चालवूं नये. तडक रुग्णालय गांठावें. तेथें प्रतिविष देतात, श्वास मंदावल्यास यंत्रानें चालवितात. रोगी निश्चल दिसला तरी शुद्धींत असूं शकतो. म्हणून उशाशीं निराशेचे शब्द काढूं नयेत. आमचा नातू तिसऱ्या दिवशीं स्वतः श्वास घेऊं लागला. वाचकहो, ओंवा काढण्यापूर्वीं मुलाच्या पापण्या पाहाव्या, आणि घटकाभरानें पुन्हां पाहाव्या.