‘पुढे घेऊन जा’ म्हणजे उपचार नव्हेत!

रात्री पावणेतीनला फोन वाजला की होस्टेलवर राहणाऱ्या कुणालाही कळतं, बातमी चांगली नाही. मला असा फोन गेल्या वर्षी सबमिशनच्या आदल्या रात्री आला. पलीकडे मामेभाऊ. “ताई, पप्पांच्या छातीत दुखतंय, घामाने भिजलेत. इथले डॉक्टर म्हणतात शहरात न्या. काय करू?” तो अकरावीत, मी पुण्यात. पण घरातली ‘शिकलेली’ मी, म्हणून प्रश्न मला.

मी म्हटलं, “थांबू नका, गाडी काढा, मोठ्या हॉस्पिटलला न्या.” तुम्हीही बहुतेक हेच सांगितलं असतं. आज वाटतं, माझा सल्ला अर्धवट होता.

मामाला दीड वाजता दुखायला लागलं होतं. पहिला तास ‘पित्त असेल’ म्हणत सोडा पिण्यात गेला. तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला, त्यात अटॅक स्पष्ट दिसत होता. तिथून शेजाऱ्यांच्या गाडीतून नव्वद किलोमीटर. शहरातल्या पहिल्या हॉस्पिटलात कॅथलॅब होती, पण रात्री ती चालवणारी टीम नव्हती. दुसऱ्यात आधी डिपॉझिटची बोलणी. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. सात तास! मामा वाचला, पण हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय. पन्नाशीही न गाठलेला माणूस आता विहिरीपर्यंत चालत गेला तरी धापा टाकत बसतो.

नंतर मी या विषयावर वाचलं, डॉक्टरांशी बोलले. मोठ्या अटॅकमध्ये गुठळीमुळे हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद होते आणि मिनिटागणिक स्नायू मरत जातो. मेलेला स्नायू परत येत नाही. म्हणून नियम साधा आहे. पेशंट आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी. पहिल्या डॉक्टरने पाहिल्यापासून १२० मिनिटांच्या आत दुसरीकडे अँजिओप्लास्टी होऊ शकत असेल, तर लगेच पाठवा. होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे तिथेच, अर्ध्या तासात द्या आणि मग पाठवा. हे इंजेक्शन सगळ्यांना चालत नाही. नुकतंच ऑपरेशन किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर धोका असतो. पण हा निर्णय डॉक्टरने घ्यायचा असतो, आणि मामाच्या वेळी तो कुणी घेतलाच नाही.

त्या डॉक्टरला मी शिव्या घालून मोकळी होऊ शकते. पण त्याचीही बाजू आहे. इंजेक्शन दिलं आणि पेशंट गेला तर? नातेवाईक काचा फोडणार, कदाचित त्यालाही मारणार. अशा हल्ल्यांविरुद्ध आपल्या राज्यात २०१० पासून कायदा आहे, तरी भीती गेलेली नाही. शिवाय रात्री अडीचला ईसीजी दाखवायला त्याच्याकडे हार्टचा डॉक्टर नाही. एकटा माणूस मग सुरक्षित वाक्य बोलतो : “पुढे घेऊन जा.”

म्हणजे गरज आहे ती त्याला एकटं न सोडणाऱ्या व्यवस्थेची. आणि हे काही स्वप्न नाही. शेजारच्या गोव्यात ‘स्टेमी’ प्रकल्पात छोट्या सरकारी दवाखान्यातला ईसीजी तज्ज्ञांपर्यंत पोहोचतो, इंजेक्शन तिथेच दिलं जातं आणि १०८ मधून पेशंट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातो. तामिळनाडूत अशीच साखळी उभारून सुमारे २,४०० पेशंटचा अभ्यास झाला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आलं. आकडा छोटा वाटतो? शंभरातली ती तीन-चार माणसं कुणाचे तरी मामा आहेत.

महाराष्ट्रातही २०१४ पासून १०८ ची मोफत अ‍ॅम्ब्युलन्स आहे, तीही डॉक्टरसह. मग प्रत्येक तालुक्यात हे इंजेक्शन चोवीस तास का नसावं? कोणत्या हॉस्पिटलची कॅथलॅब आत्ता, या क्षणी चालू आहे, हे अ‍ॅम्ब्युलन्सला आधी का कळू नये? जेवणाची ऑर्डर कुठे पोहोचली हे आपल्याला फोनवर दिसतं. मरणाच्या दारातला माणूस मात्र हॉस्पिटलं शोधत फिरतो. डिपॉझिटचं म्हणाल, तर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य, असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय.

व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल. तो फोन मात्र उद्या तुम्हालाही येऊ शकतो, कारण घरातले ‘शिकलेले’ आता तुम्ही आहात. तेव्हा नुसतं “मोठ्या हॉस्पिटलला न्या” म्हणू नका. छातीत दाब, घाम, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर पित्ताच्या नावाखाली वेळ घालवू देऊ नका. १०८ लावायला सांगा. दवाखान्यात पोहोचले की तीन प्रश्न विचारा. ईसीजी काढला का? इंजेक्शन इथेच देता येईल का? पुढच्या हॉस्पिटलला फोन करून कॅथलॅब आणि डॉक्टर तयार आहेत का, हे विचारलं का?

आणि डॉक्टर “धोका आहे, पण देऊया” म्हणाले, तर त्यांच्या पाठीशी उभे राहा. माझ्या भावाने त्या रात्री विचारलं होतं, “काय करू?” माझ्याकडे तेव्हा हे तीन प्रश्न नव्हते. तुमच्याकडे आता आहेत.