गोळीने चौविहार मोडत नाही



“जुळी आहेत, सातव्यातच कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, पण रात्रीची कशी घेणार? चौविहार आहे ना!” आपल्या चंद्रपुरात हे मी कितीदा तरी ऐकलंय, आणि भोवतीच्या सासवा-जावा मान डोलावतात. मी स्वतः चौविहार पाळते, म्हणूनच ठणकावून सांगते: हा निव्वळ हट्ट आहे.

जुळी निम्म्याच्या आसपास 37 आठवड्यांच्या आतच जन्मतात. निफेडिपिनसारखं औषध कळा कायमच्या थांबवत नाही. बहुधा दोन दिवस मिळवून देतं. त्या 48 तासांत आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन बाळांच्या फुप्फुसांना बळ देता येतं, आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात तिला हलवता येतं. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे 200 किलोमीटर, तेही जंगलातून. तिथल्या बाईला हे दोन दिवस किती मोलाचे! म्हणूनच गोळी दर काही तासांनी, ठरल्या वेळीच हवी. कळा सूर्योदयाची वाट पाहत नाहीत.

आपल्या पच्चक्खाणातच ‘सर्वसमाधी’चा आगार आहे. तीव्र पीडेत औषधाची मोकळीक पूर्वाचार्यांनीच ठेवली. आपण त्यांच्याहून कडक कशाला? शंका असेल तर साध्वीजींना आधीच विचारून ठेवा. पोटातले दोन पंचेंद्रिय जीव पणाला लावायचे, ही कसली अहिंसा?

सासूबाईंनो, रात्रीचा गजर लावा आणि सुनेला पाण्यासोबत गोळी द्या. मात्र डॉक्टरांनी दिलेलीच, शेजारणीकडे उरलेली नव्हे.