खरा असून तोतया!

पानिपतच्या रणांगणावर इ. स. १७६१ च्या जानेवारीत सदाशिवरावभाऊ नाहीसे झाले, आणि पुढे काही वर्षांनी 'मीच भाऊसाहेब' असे सांगणारा एक पुरुष उत्तरेत प्रकट झाला, ही हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या तासाला ऐकलेली आहे. पुणे दरबाराने त्याला तोतया ठरवून कैदेत टाकले. १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने कोकणात बंड माजवले, कित्येक किल्ले घेतले, आणि अखेर त्याच वर्षी पकडला जाऊन तो देहान्त शासनास पात्र झाला. न. चिं. केळकरांनी या प्रसंगावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. 'तोतया' हा शब्द उच्चारताच मराठी माणसाच्या मनापुढे अद्यापि हीच मूर्ती उभी राहते.

तोतयाचे लक्षण कोणते? आपण जे नाही ते आहोत असे जगास भासवणे, आणि हे केवळ सोंग आहे हे स्वतःस पक्के ठाऊक असणे. परंतु याच्या नेमका उलट असा एक मनुष्य आहे. तो इतिहासाच्या पानांत नसून आमच्या वर्गांतून, कॉलेजांतून आणि कचेऱ्यांतून रोज वावरत असतो. हा मनुष्य खरा असतो. अभ्यास त्याने स्वतः केलेला असतो, गुण स्वतः मिळवलेले असतात, नोकरी स्वतःच्या लायकीवर पत्करलेली असते. तरीही त्याच्या अंतर्यामी एक आवाज अखंड बोलत असतो : "हे सारे चुकून घडले. या जागेस मी योग्य नाही. आज ना उद्या कोणाच्या तरी ध्यानात येईल, आणि माझे बिंग फुटेल." तोतया जगाची फसवणूक करतो, हा बिचारा, आपण जगाची फसवणूक करीत आहोत असे मानून, स्वतःचीच फसवणूक करून घेतो. नापास होणाऱ्याची चिंता घरीदारी सर्वच वाहतात. पहिल्या येणाऱ्याच्या मनात काय चालले आहे, याची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाही. म्हणून यंदाच्या वार्षिकांकात या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटले.

या मनोवृत्तीस शास्त्रीय नाव मिळाले ते इ. स. १९७८ मध्ये. अमेरिकेतील अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठातील पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवर आधारलेला एक निबंध त्या वर्षी प्रसिद्ध केला. या स्त्रियांपाशी पदव्या होत्या, मानमान्यता होती. तरी आपण बुद्धिमान आहोत हे मान्य करावयास त्या तयार नव्हत्या. कोणी म्हणे, प्रवेश देणाऱ्यांच्या हातून चूक झाली. कोणी म्हणे, नशिबाने हात दिला. आज लोक या वृत्तीस 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणतात. परंतु मूळ लेखिकांनी 'सिंड्रोम' हा रोगवाचक शब्द योजलेला नव्हता, आणि मानसिक आजारांच्या अधिकृत सूचींतही तिचा समावेश नाही. ती केवळ स्त्रियांपुरती आहे असेही नव्हे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ६२ अभ्यास आणि चौदा हजारांहून अधिक माणसे विचारात घेतली होती. मापनाच्या पद्धतीप्रमाणे या वृत्तीचे प्रमाण कोठे शेकडा ९, तर कोठे शेकडा ८२ इतके भिन्न आढळले. आणि ती पुरुषांतही स्त्रियांप्रमाणेच दिसून आली. तात्पर्य, ज्याला आपण एकटेच असे आहोत असे वाटते, त्याच्या सोबतीला पुष्कळ मंडळी आहेत. फक्त ती बोलत नाहीत.

ही वृत्ती चालते कशी, हे वाण्याच्या वहीच्या दृष्टान्ताने चांगले समजेल. समजा, एखाद्या दुकानदाराने असा नियम केला की, नफा झाला तर तो शेजाऱ्याच्या खाती जमा करावयाचा आणि तोटा झाला तर तो स्वतःच्या नावे टाकावयाचा. असा दुकानदार लक्षावधीचा व्यापार करूनही वर्षअखेर स्वतःस दिवाळखोरच समजेल. आमचा गुणी विद्यार्थी अशीच वही लिहीत असतो. नव्वद गुण पडले, तर 'पेपर सोपा होता'. साठ पडले, तर 'माझी लायकीच ती'. रात्रंदिवस खपून यश मिळाले, तर 'एवढे खपावे लागले, म्हणजे बुद्धी नाही'. भीतीने अभ्यास पुढे ढकलून आयत्या वेळी यश मिळाले, तर 'निव्वळ दैव'. काहीही घडले तरी यश त्याच्या खाती जमा होत नाही. म्हणूनच आणखी एक बक्षीस मिळाल्याने ही व्याधी बरी होत नाही. उलट, 'आता आणखी मोठ्या लोकांना फसवले' म्हणून भीती दुणावते.

अशी वही आपोआप तयार होत नाही. परिस्थितीही ती लिहावयास शिकवते. आमच्या बेळगाव-खानापूरकडील मुलांचेच पाहा. घरी एक भाषा, शाळेत मराठी, बाजारात व सरकारी कचेरीत कन्नड, आणि कॉलेजात पाऊल टाकताच इंग्रजी. आम्हां कोंकणी घरच्यांना हा भाषांचा डोंगर चांगलाच परिचयाचा आहे. काल जो विद्यार्थी पायथागोरसचा सिद्धान्त फळ्यासमोर उभा राहून बिनचूक सिद्ध करीत होता, तोच आज कॉलेजात तोंड उघडीत नाही. कारण 'कर्ण' या शब्दाचे इंग्रजी रूप त्याच्या जिभेवर अद्याप रुळलेले नसते. शब्द येत नाही, एवढाच याचा अर्थ. पण तो त्याचा अर्थ 'मला गणितच येत नाही' असा लावतो. त्यातून घरातला तो पहिलाच पदवीधर होणार असेल, तर 'म्हाका जमचें ना' हे घरगुती वाक्य त्याला वेदवाक्य वाटू लागते. मग तो प्रश्न विचारीत नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत नाही, पुढच्या बाकावर बसत नाही. उद्या हाच विद्यार्थी डॉक्टर किंवा इंजिनियर झाला, तरी बढतीच्या वेळी 'दुसऱ्या कोणास द्या' म्हणून मागे सरतो. यात नुकसान त्याच्या एकट्याचे होत नाही. त्याच्या ज्ञानाचा लाभ ज्यांना व्हावयाचा, त्या सर्वांचे होते.

या संदर्भात रुचिका तुलशान आणि जोडी-अ‍ॅन बुरे या दोन लेखिकांनी २०२१ साली एक मार्मिक आक्षेप नोंदवला. ज्या ठिकाणी काही माणसांना पदोपदी परके असल्याची जाणीव करून दिली जाते, तेथे सारा दोष त्यांच्याच मनाला देऊन त्यांनाच सुधारावयास सांगणे अन्यायाचे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. तो आम्हांस पटतो. उच्चार चुकला म्हणून जो वर्ग हसतो, त्या वर्गालाही शिकवण्याची गरज आहे.

परंतु दरवाजा सुधारेपर्यंत उंबरठ्यावरच थांबून राहावे काय? गोव्यातील सांखवाळ गावी १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींचे चरित्र येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. घरची भाषा कोंकणी, शालेय शिक्षण तुटपुंजे, कोणत्याही विद्यापीठाची पदवी नाही. बौद्ध धर्माचे ज्ञान मिळवावे, या एका ध्यासाने १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप अशी पायपीट करून ते पाली भाषा शिकले. आणि १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संशोधनकार्यासाठी गेले. आपली ही सारी वाटचाल त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'निवेदन' या मराठी आत्मचरित्रात सांगितली आहे. पदवीचा कागद नव्हता, पण पाली येत होती. आणि हार्वर्डला गरज होती ती पाली जाणणाराची. अधिकार हा कामातून येतो, आणि काम हीच त्याची खरी सनद.

येथे कोणी सुज्ञ वाचक विचारील, "हा तर विनय झाला! आमच्या संतांनी विनयच शिकवला ना?" प्रश्न रास्त आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रारंभी ज्ञानेश्वरमहाराज स्वतःस चोचीने सागर मापू पाहणाऱ्या टिटवीची उपमा देतात. पण पुढे काय झाले, ते विसरू नये. टिटवी म्हणवून घेणाऱ्या त्या महापुरुषाने शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ग्रंथ पूर्ण केला! विनय म्हणतो, "विषय मोठा आहे, मी लहान आहे, गुरुकृपेने प्रयत्न करतो." तोतयेपणाची भीती म्हणते, "मी लहान आहे, हे लोकांना कळू नये." विनयाची दृष्टी विषयाकडे असते, भीतीची दृष्टी लोकांच्या डोळ्यांकडे. विनयाने प्रश्न विचारता येतो. भीतीने तोंडास कुलूप लागते.

दुसरा आक्षेप असा की, ही धास्ती नसेल तर माणूस आळशी होईल. याचे उत्तर अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांच्या रोजनिशीत मिळते. १९३८ साली 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी लिहीत असताना, आपण लेखकच नव्हे, आपण स्वतःस व इतरांस फसवीत आलो, अशा अर्थाची नोंद त्यांनी केली आहे. त्याच कादंबरीस १९४० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि १९६२ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान लाभला. पण कादंबरी लिहिली गेली ती या भीतीमुळे नव्हे. रोज ठरावीक मजकूर लिहावयाचाच, या नेमामुळे. भीती आणि नेम एकाच टेबलाशी बसले होते. काम नेमाने केले.

आता उपायांचा विचार करू. वर सांगितलेल्या २०२० च्या आढाव्यात उपचारांची कसोटी पाहणारा एकही प्रसिद्ध अभ्यास सापडला नव्हता. तेव्हा रामबाण औषध सांगण्याचा आव आम्ही आणीत नाही. तरी व्यवहारास पटणाऱ्या काही गोष्टी आहेत.

विद्यार्थिमित्रहो, पहिली गोष्ट म्हणजे मन मोकळे करा. क्लान्स व आइम्स यांनी अशा व्यक्तींना एकत्र बसवून बोलते करावे, अशी शिफारस केली आहे. कारण दुसऱ्या गुणी माणसाच्या तोंडून हीच भीती ऐकली की तिचा पोकळपणा आपोआप उमगतो. त्यांनी आणखी एक मौजेची युक्ती सांगितली आहे. ज्या ज्या व्यक्तीस आपण फसवले असे वाटते, तिच्यापुढे जाऊन तसा कबुलीजबाब देत आहोत अशी कल्पना करावी. "गुरुजी, मी तुम्हांला सलग पाच वर्षे फसवले," असे तुम्ही आपल्या गणिताच्या गुरुजींना सांगत आहात, असे क्षणभर मनात आणा. गुरुजी काय म्हणतील? "अरे, दररोज तुझ्या वह्या तपासणारा मी काय डोळे मिटून बसलो होतो?" स्वतःस तोतया म्हणताना आपण आपल्या शिक्षकांना व परीक्षकांना मूर्ख ठरवीत असतो, हे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट, वही सरळ लिहा. यश मिळाले की त्यासाठी प्रत्यक्ष काय केले, ते तारखेसह टिपून ठेवा : किती उदाहरणे सोडवली, कोणाची मदत घेतली, कोठे अडलो, कसे सुटलो. दैवाचा वाटा असेल तर तोही लिहा, पण दैवाचा तेवढाच. तिसरी गोष्ट, 'मला हे येत नाही' हे वाक्य निर्भयपणे उच्चारावयास शिका. अज्ञान म्हणजे लबाडी नव्हे. येत नसून येते म्हणणे ही लबाडी. येत नाही असे सांगून शिकावयास बसणे हा विद्यार्थ्याचा धर्म.

नोकरीधंद्यातील वडीलधाऱ्यांनाही आमची एक विनंती आहे. आपण आपल्या क्षेत्रात प्रतिष्ठेस पोहोचला आहात. नव्याने रुजू झालेल्या तरुणास आपल्या पहिल्या वर्षातील धांदल एकदा मोकळेपणाने सांगा. त्याने आपला मान उणा होणार नाही. त्याचा धीर मात्र दुणावेल.

पालकांस आणि आम्हां शिक्षकांसही येथे शिकण्यासारखे आहे. 'आमचा बाळ उपजतच हुशार' या कौतुकाचे ओझे बाळाच्याच डोक्यावर बसते. पुढे एखादे गणित अडले की आपले उपजत सोंग उघडे पडले, असे त्याला वाटते. त्यापेक्षा 'ही रीत तू छान शोधलीस', 'तीनदा चुकूनही सोडले नाहीस' असे कौतुक करावे. ते खरे असते, आणि जे खरे असते ते उघडे पडण्याची भीती नसते. शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलनाही थांबवावी.

ही भीती झोप, अन्न व कामाची इच्छा हिरावून घेऊ लागली, तर ती अंगावर काढू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारची २०२२ साली सुरू झालेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. मनाच्या दुखण्याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

असो. पहिल्या दिवशी कॉलेजच्या पायरीवर पाय अडखळला, तर एवढेच आठवा : तोतयाला आपण तोतया आहोत की काय, अशी शंका कधी येत नाही, ती शंका प्रामाणिक माणसालाच येते. तिला खुशाल बरोबर घेऊन वर्गात शिरा, रिकामा बाक पाहून बसा, आणि जे समजले नाही ते हात वर करून विचारा.