दुकान तेच, मांडणी निराळी

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी कितीतरी धडधाकट यंत्रे ‘जुनी’ ठरली. जोगेश्वरीत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारापासून हार्डवेअरच्या लहान दुकानांपर्यंत अशी यंत्रे आढळतील. घरातील तरुण मंडळी त्यांवर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली बसवितात. यंत्र पुन्हा चालू लागते; परंतु आयुष्यभर पेढी सांभाळलेले मुनीमजी नव्या पडद्यासमोर थबकतात. खालची परिचित पट्टी नाही, कोपऱ्यातील सूची नाही. पावतीला विलंब होतो, गिऱ्हाईक खोळंबते आणि ठपका संपूर्ण लिनक्सवर येतो.

वस्तुतः हा प्रश्न प्रणालीचा नसून मांडणीचा आहे. विंडोजमध्ये या दोन गोष्टी एकजीव असतात. युनिक्सच्या वळणाच्या प्रणालींत त्या विलग आहेत. गाळा तोच, मालही तोच. फळ्यांची आणि गल्ल्याची जागा तेवढी बदलावयाची. या मांडणीला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. जर्मनीत मथियास एट्रिख यांनी १९९६ मध्ये केडीईचा आरंभ केला. पुढच्याच वर्षी मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमचा. २०११ मध्ये ग्नोमने आपले रूप आमूलाग्र बदलले, तेव्हा अनेकांना आपल्या मुनीमजींसारखेच परके वाटले. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने जुने ग्नोम उचलून ‘माते’ या नावाने जिवंत ठेवले. हे नाव तिकडच्या एका पेयाचे आहे. आईशी त्याचा संबंध नाही!

मुंबईचाही यात वाटा आहे. या शतकाच्या आरंभी इंडलिनक्स या गटाने ग्नोम भारतीय भाषांत आणण्यासाठी परिश्रम घेतले. आज ग्नोम आणि केडीई यांत मराठी भाषा निवडता येते.

विंडोजची सवय असलेल्यांना सिनॅमन बहुधा लवकर रुचते. स्मरणशक्ती अल्प असलेल्या यंत्रास एक्सएफसीई झेपते. सॉफ्टवेअरच्या भांडारातून ती बसवावी, बाहेर पडावे आणि पुन्हा प्रवेश करताना, संकेतशब्द देण्यापूर्वी, पडद्यावरील दातेरी चाकाच्या चिन्हातून नवी मांडणी निवडावी. फायली जागच्या जागी राहतात. छपाईची व्यवस्था मांडणीच्या खालच्या थरात असल्याने प्रिंटरही सहसा तसाच चालतो. मराठी कळफलक मात्र पुन्हा जोडावा लागू शकतो; तो आधी तपासावा. केडीई आणि ग्नोम एकाच खात्यात आलटून पालटून वापरल्यास रंग, अक्षरे आणि काही सेटिंग्ज यांची सरमिसळ होते, म्हणून चाचणीसाठी स्वतंत्र खाते उघडावे, हे उत्तम.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. टॅली विंडोजसाठी घडविलेली आहे. मांडणी कितीही बदलली तरी ती अडचण सुटत नाही. ज्या पेढीचा सारा हिशेब टॅलीत आहे, तिने एक यंत्र विंडोजवरच ठेवावे आणि पत्रव्यवहार, दरपत्रके, ईमेल यांसाठी जुने यंत्र लिनक्सवर न्यावे. मार्चअखेरीस किंवा जीएसटीच्या विवरणपत्राच्या आठवड्यात हा खटाटोप करू नये. जुनी मांडणीही लगेच काढून टाकू नये. दोन महिने दोन्ही राहू द्याव्यात आणि कोणती ठेवायची, हे मुनीमजींनाच ठरवू द्यावे.